कोणाचे घड्याळ खरे?

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट मराठवाडा विसरलेला नाही. आदला दिवस अनंत चतुर्दशीचा. गणरायाला निरोप देऊन गावे उशिरा झोपी गेली होती. घड्याळात तीन वाजून छप्पन्न मिनिटे होण्याच्या सुमारास जमीन हादरली आणि तेरणेच्या परिसरातील दगडमातीची घरे आपल्याच माणसांवर कोसळली. लातूर जिल्ह्यातील किल्लारीचे नाव जगभर पोहोचले. परंतु तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील सास्तूर आणि त्या बाजूची कितीतरी गावेही त्याच क्षणी उद्ध्वस्त झाली. आठ ते दहा हजार माणसे गेली.

भूकंपांच्या जागतिक नोंदवह्या उघडल्या तर ही घटना ३० सप्टेंबरच्या पानावर सापडत नाही. तेथे ती २९ सप्टेंबर, २२ वाजून २५ मिनिटे अशी नोंदलेली आहे. ही चूक नव्हे. जागतिक प्रमाणवेळेपेक्षा आपली घड्याळे साडेपाच तास पुढे असतात, एवढाच त्याचा अर्थ. शास्त्रज्ञांच्या दृष्टीने दोन्ही नोंदी एकाच क्षणाच्या आहेत. परंतु सास्तूरच्या मातेला जर कुणी सांगितले की, तुझे लेकरू २९ तारखेलाच गेले, तर ती ते कसे मान्य करील? २९ तारखेला ते लेकरू मिरवणुकीत गुलाल उधळीत होते.

मग खरी वेळ कोणती? आणि ती ठरविण्याचा अधिकार कोणाचा? हा प्रश्न वरवर तांत्रिक दिसतो. पण त्याच्या तळाशी एक नैतिक प्रश्न आहे, असे आम्हाला वाटते. अनेक माणसांनी मिळून एका सत्याला अनुसरून जगायचे ठरविले, तर प्रत्येकाने आपले घड्याळ कोणाशी जुळवावे, कसे जुळवावे, आणि ज्याचे घड्याळ मागे राहिले त्याच्याशी इतरांनी कसे वागावे? धाराशिवच्या निमित्ताने या प्रश्नाचा विचार करावा, असा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम हे समजून घेतले पाहिजे की, घड्याळे जुळणे ही केवळ शिस्तीची बाब नाही. भूकंपाचे केंद्र कोठे होते हे कोणी डोळ्यांनी पाहत नाही. दूरदूरच्या केंद्रांवर बसविलेली भूकंपमापक यंत्रे हादरा आपल्यापर्यंत केव्हा पोहोचला ते नोंदवितात आणि त्या वेगवेगळ्या वेळांच्या फरकावरून केंद्राचा ठावठिकाणा काढला जातो. खडकातून जाणारी पहिली लाट सेकंदाला सहा ते आठ किलोमीटर धावते. म्हणजे एखाद्या केंद्राचे घड्याळ एका सेकंदाने चुकले, तर त्या केंद्रापासूनचे अंतर तितक्याच किलोमीटरनी चुकते, आणि भूकंप एका गावाऐवजी दुसऱ्याच गावाच्या नावावर लागू शकतो. प्रत्येक यंत्राने आपापल्या परीने सत्य सांगितले, तरी त्यांची घड्याळे जुळत नसतील तर त्या सगळ्या सत्यांची बेरीज असत्य होते. माणसांच्या साक्षीबाबतही हेच खरे आहे.

आज हे काम संगणकांचे जाळे करते. आणि भूकंपमापनच कशाला, बँकेतील देवघेव, रेल्वेचे आरक्षण, शासनाकडे केलेला अर्ज, सर्वांवर संगणक वेळेचा शिक्का उठवितो. हा संगणक स्वतः मात्र घड्याळ म्हणून फारसा विश्वासार्ह नसतो. त्याच्या आत क्वार्ट्झचा एक स्फटिक कंप पावत असतो. थंडी-उन्हाने त्या कंपनांत फरक पडतो आणि एखादा सेकंद दिवसाकाठी सहज इकडेतिकडे होतो. ज्याला स्वतःखेरीज दुसरे कोणी विचारायला नाही, असा संगणक महिन्याभरात अर्ध्या-पाऊण मिनिटाने भरकटलेला असू शकतो. गंमत अशी की, त्याला स्वतःला ते कधीच कळत नाही. आतून पाहिले तर प्रत्येक घड्याळ बरोबरच असते.

यावर उपाय शोधणाऱ्यांत अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठाचे प्राध्यापक डेव्हिड मिल्स यांचे नाव अग्रभागी आहे. संगणकांनी एकमेकांना वेळ कशी विचारावी याची रीत त्यांनी १९८० च्या दशकात घालून दिली. ‘नेटवर्क टाइम प्रोटोकॉल’ हे तिचे नाव. डोळ्यांच्या विकाराने पुढे त्यांची दृष्टी गेली; जानेवारी २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची रीत आज जगभरच्या संगणकांत अखंड चालू आहे.

ती रीत एका साध्या उदाहरणाने समजते. धाराशिवमधील एका भावाला तुळजापूरच्या भावाशी आपले घड्याळ जुळवायचे आहे आणि दोघांत फोन नाही, असे समजू. धाराशिवकराने मोटारसायकलवरून मुलाला चिठ्ठी देऊन पाठविले. तेव्हा त्याच्या घड्याळात दहा वाजले होते. मुलगा पोहोचला तेव्हा तुळजापूरच्या घड्याळात पावणेअकरा झाले होते. पाच मिनिटे थांबून, त्या घड्याळाप्रमाणे दहा पन्नासला, तो परत निघाला. घरी आला तेव्हा धाराशिवच्या घड्याळात अकरा वाजून पाच मिनिटे झाली होती. एकूण पासष्ट मिनिटे. त्यांतील पाच मुक्कामाची, साठ प्रवासाची. म्हणजे जायला तीस आणि यायला तीस. मुलगा पोहोचला त्या क्षणी धाराशिवचे घड्याळ साडेदहा दाखवीत असणार; तुळजापूरचे पावणेअकरा दाखवीत होते. तेव्हा आपले घड्याळ पंधरा मिनिटे मागे आहे, असे धाराशिवकराला कळले. संगणक नेमके हेच करतात, फक्त सेकंदाच्या हजाराव्या भागांत.

या रीतीत एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. आपल्याकडे आंजेलूसची घंटा वाजते तेव्हा मैलभर दूर असलेल्या माणसाला ती जवळजवळ पाच सेकंद उशिरा ऐकू येते. घंटा सर्वांसाठी एकच आहे. पण ती सर्वांपर्यंत एकाच वेळी पोहोचत नाही. मिल्स यांच्या रीतीचे मर्म असे की, ‘मी वेळ सांगितली, आता ऐकणे तुमचे काम’, असे ती म्हणत नाही. विचारणारा किती दूर आहे, त्याची वाट किती लांबीची आणि किती गर्दीची आहे, हे ती प्रत्येकाच्या बाबतीत स्वतंत्रपणे मोजते आणि तेवढी सूट धरूनच उत्तर काढते. सर्वांना एकच वेळ मिळावी म्हणून ती प्रत्येकाचे अंतर वेगळे धरते. या मुद्द्याकडे आम्ही पुढे परत येणार आहोत.

या हिशेबात एक उणीव राहतेच. मुलाला जाताना वाटेत यात्रेची गर्दी लागली आणि चाळीस मिनिटे गेली, येताना रस्ता मोकळा मिळाला आणि वीसच लागली, तर? धाराशिवकराने गणित अचूक केले तरी त्याचे उत्तर दहा मिनिटांनी चुकेल, कारण जाण्यायेण्याचा वेळ सारखा आहे हे त्याने गृहीत धरलेले होते. आणि ही चूक त्याला एकट्याला त्या एका चिठ्ठीवरून शोधून काढता येणार नाही. म्हणूनच शहाणा संगणक एकालाच विचारून थांबत नाही. तो तिघा-चौघांना विचारतो, त्यांची उत्तरे शेजारी शेजारी ठेवतो, आणि जे एकमेकांशी जुळतात त्यांच्यावर विसंबतो. जो एकटाच भलते सांगतो त्याला बाजूस ठेवतो. दोघांनाच विचारले आणि त्यांचे जमले नाही, तर खोटे कोण हे सांगता येत नाही. निदान तिसरा साक्षीदार लागतो. दोघा-तिघांच्या साक्षीने गोष्ट सिद्ध व्हावी, हा जुन्या करारातील दंडक आपल्या परिचयाचा आहेच.

येथे आम्हाला धाराशिव जिल्ह्यातीलच एका गावाची आठवण होते. तेर हे ते गाव. प्राचीन काळी तगर या नावाने ते रोमन जगाशी व्यापार करीत होते. मराठी मनाला मात्र ते गोरोबाकाकांचे गाव म्हणून ठाऊक आहे. संतांचा मेळा गोरोबांच्या घरी जमला असता मुक्ताबाईंनी थापटण्याकडे बोट दाखवून, हे काय, असे विचारले आणि याने मडके कच्चे की पक्के ते कळते, असे गोरोबांनी सांगितल्यावर आमचीही परीक्षा करा, असा आग्रह धरला, ही कथा सर्वश्रुत आहे. प्रत्येकाच्या डोक्यावर थापटणे पडले. सगळे शांत राहिले; नामदेवांना मात्र राग आला, आणि हे मडके कच्चे ठरले. देवाचा सर्वांत लाडका भक्तच कच्चा निघाला! नामदेवांचे मोठेपण असे की, ते तेथेच अडून बसले नाहीत. विसोबा खेचरांना शरण गेले आणि पुढे त्यांचे नाव पंजाबपर्यंत दुमदुमले.

या कथेतून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पहिली ही की, आपण कच्चे आहोत हे नामदेवांना एकांतात कळले नसते. त्यासाठी दुसऱ्याचे थापटणे लागले. दुसरी ही की, कच्चे ठरलेले मडके गोरोबांनी फोडून टाकले नाही. संगणकांच्या जाळ्यातही तसेच घडते. खोटी वेळ सांगणाऱ्या घड्याळाचे म्हणणे तेवढ्यापुरते मानले जात नाही. परंतु त्याला वेळ विचारणे बंद होत नाही. ते पुन्हा ताळ्यावर आले की त्याला पुन्हा पंक्तीत बसवितात. बहिष्कार आणि सावधगिरी यांतील हा फरक आपल्या गावकीला, आपल्या संघटनांना आणि, स्पष्टच बोलायचे तर, आपल्या धर्मग्रामांनाही नेहमी कळतोच असे नाही.

येथे कुणी विचारील की, मग सत्य बहुमताने ठरते काय? चार घड्याळे मिळून चुकली तर पाचवे बरोबर असूनही खोटेच ठरेल! हा आक्षेप वाजवी आहे. घड्याळांच्या जाळ्यात त्याला उत्तर असे आहे की, बहुमत हे सत्य नव्हे, सत्याकडे जाण्याची ती एक वाट आहे, आणि त्या वाटेला वरून आधार असतो. प्रत्येक संगणक आपल्यापेक्षा वरच्या पायरीवरील संगणकाला विचारतो, तो आणखी वरच्याला, आणि शेवटी ही साखळी अणुघड्याळापर्यंत पोहोचते. भारतात हे काम नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा करते. देशातील संगणक-सेवा पुरविणाऱ्यांनी आपली घड्याळे याच प्रयोगशाळेशी किंवा राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राशी जुळवावीत, असा आदेश एप्रिल २०२२ मध्ये निघाला.

मग दिल्लीचे अणुघड्याळ हे अंतिम सत्य का? तेही नाही. जागतिक वेळ ही जगभरच्या प्रयोगशाळांतील चारशेहून अधिक अणुघड्याळांची तोलून काढलेली सरासरी असते. पॅरिसजवळच्या सेव्हर येथील आंतरराष्ट्रीय संस्था ती काढते. कोणत्या घड्याळाला किती मान द्यायचा हे ते किती प्रतिष्ठित देशाचे आहे यावर ठरत नाही. ते किती सातत्याने चालते यावर ठरते. आणि ही सरासरी हातात येते ती मागाहून, पुढच्या महिन्यात. म्हणजे आज, या क्षणी, अगदी बिनचूक वेळ काय झाली आहे हे पृथ्वीच्या पाठीवर कोणालाही ठाऊक नसते. मोठ्यात मोठी प्रयोगशाळाही आपल्या अंदाजावर विश्वास ठेवून चालते आणि आपण अब्जांश सेकंदाने कोठे चुकलो होतो हे महिन्याअखेरीस नम्रपणे वाचते. इहलोकी आपल्याला अंधुक दिसते, पूर्ण ज्ञान पुढे व्हायचे आहे, हे संत पौलाचे सांगणे आम्हाला या संदर्भात नव्याने उमगले.

प्रमाण ठरविणे हे नेहमी निर्मळ हाताने होते, असेही नाही. धाराशिव शहर सुमारे ७६ अंश पूर्व रेखांशावर आहे आणि भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंशांवरून मोजतात. त्यामुळे धाराशिवच्या शेतकऱ्याच्या डोक्यावर सूर्य येतो तेव्हा घड्याळात, सरासरीने, बारा वाजून सव्वीस मिनिटे झालेली असतात. शेतकऱ्याचा सूर्य चुकलेला नसतो आणि घड्याळही चुकलेले नसते. एकत्र राहण्यासाठी आपण सर्वांनी केलेला तो एक करार आहे. हा करार १ जानेवारी १९०६ पासून लागू झाला तेव्हा तो परक्या सरकारने लादलेला होता. मुंबईकरांनी त्याला कडाडून विरोध केला आणि एकोणचाळीस मिनिटे मागे असलेली आपली ‘मुंबई वेळ’ शहरात १९५५ पर्यंत या ना त्या स्वरूपात जपून ठेवली. त्या एकोणचाळीस मिनिटांत स्वाभिमान होता, यात शंका नाही.

युरोपच्या इतिहासात याची दुसरी बाजू दिसते. पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ मध्ये पंचांग सुधारले. त्या कामात येशूसंघीय गणिती फादर क्लाव्हियस यांचा मोठा वाटा होता. गणित बरोबर होते. तरी ते पोपकडून आले म्हणून इंग्लंडने १७५२ पर्यंत मानले नाही, आणि एकशे सत्तर वर्षे त्या देशाची तारीख सूर्याशी विसंगत राहिली. सांगणारा आवडत नाही म्हणून सांगितलेले नाकारणे हा दोष इंग्रजांचाच होता असे मानून आपण सुटू नये. आपल्या विरोधकाच्या तोंडून आलेले सत्य आपण किती वेळा अडवून धरले आहे, याचा हिशेब ज्याने त्याने आपल्या मनाशी करावा.

आता आम्ही मघाशी राखून ठेवलेल्या मुद्द्याकडे येतो. २०२० च्या ऑक्टोबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. धाराशिव जिल्ह्यात काढणीला आलेले आणि काढून ठेवलेले सोयाबीन पाण्यात गेले. शेतकऱ्यांनी पीकविमा उतरविला होता. हप्ते भरले होते. परंतु योजनेची एक अट अशी की, नुकसान झाल्यापासून बहात्तर तासांच्या आत कंपनीला कळविले पाहिजे. मोबाइलवरून, फोनवरून, बँकेत किंवा कृषी कार्यालयात, कसेही. पण बहात्तर तासांत. ज्यांनी वेळेत कळविले त्यांना भरपाई मिळाली. उरलेल्या लाखो शेतकऱ्यांचे दावे याच कारणाने अडले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेले आणि मे २०२२ मध्ये निकाल शेतकऱ्यांच्या बाजूने लागला. सुमारे साडेतीन लाख शेतकऱ्यांचा तो प्रश्न होता.

या वादात विमा कंपनीच्या म्हणण्यात काहीच तथ्य नव्हते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मुदत नसेल तर नुकसानीची पाहणी करायची केव्हा? चिखल वाळल्यावर पीक पावसाने गेले की दुसऱ्या कशाने, हे कसे सांगायचे? मुदतीविना खोट्या दाव्यांना दार उघडे राहते आणि त्याचा भार शेवटी प्रामाणिक विमेदारावरच पडतो. सर्वांना एकच घड्याळ, ही न्यायाची पहिली पायरी आहे. ओळखीच्या माणसासाठी थांबणारे आणि परक्यासाठी न थांबणारे घड्याळ आपण पुष्कळ कार्यालयांत पाहिलेले आहे. त्यापेक्षा निर्विकार घड्याळ बरे.

पण निर्विकार असणे आणि न्यायी असणे एकच नव्हे. बहात्तर तासांचे घड्याळ सर्वांसाठी एकाच क्षणी सुरू झाले. ते सर्वांपासून सारख्या अंतरावर मात्र नव्हते. ज्याच्या हातात चांगला मोबाइल आहे आणि घरात शिकलेला मुलगा आहे त्याच्यासाठी बहात्तर तास म्हणजे तीन दिवस. ज्याच्या वस्तीवरची वीज पावसाने गेली आहे, ओढ्याला पूर आहे, आणि अशी काही अट आहे हेच ज्याला कुणी समजावून सांगितलेले नाही, त्याच्यासाठी बहात्तर तास म्हणजे काहीच नाही. घंटा वाजली, पण ती त्याला ऐकू येण्याआधी दार लागले. यंत्रांच्या जाळ्यात सुद्धा विचारणाऱ्याचे अंतर मोजून तेवढी सूट धरतात. माणसांच्या जाळ्यात आपण ती धरली नाही. एका संगणकाने दुसऱ्या संगणकाशी जेवढ्या समजुतीने वागावे असे आपण ठरविले आहे, तेवढी तरी समजूत सास्तूरच्या किंवा तेरच्या शेतकऱ्याच्या वाट्याला यायला नको का?

शुभवर्तमानात उशिराविषयी दोन दाखले आहेत आणि ते एकमेकांविरुद्ध आहेत असे प्रथमदर्शनी वाटते. दहा कुमारिकांच्या दाखल्यात ज्या पाचजणी तेल आणायला गेल्या त्यांना परत आल्यावर दार बंद आढळते. द्राक्षमळ्याच्या दाखल्यात दिवस मावळताना कामाला लागलेल्या मजुरालाही दिवसभर राबणाऱ्याइतकीच मजुरी मिळते. एकीकडे घड्याळ कठोर, दुसरीकडे घड्याळाकडे कोणी पाहतच नाही. हा विरोध कसा सोडवावा?

आम्हाला असे दिसते की, दोन्ही ठिकाणी धनी एकच प्रश्न विचारतो: उशीर का झाला? कुमारिकांना वर येणार हे ठाऊक होते, तेल आणायला अवधी होता, दुकानही जवळ असावे. त्यांचा उशीर बेफिकिरीचा होता. मळ्यातले मजूर दिवसभर चौकातच उभे होते. आम्हाला कोणी कामाला लावले नाही, असे त्यांनी सांगितले आणि धन्याने ते मानले. त्यांचा उशीर त्यांचा नव्हता. हाक त्यांच्यापर्यंत उशिरा पोहोचली, म्हणून त्यांची मजुरी हाक पोहोचल्यापासून न मोजता पूर्ण दिली गेली. धन्याने वेळ मोजली, पण अंतर धरून मोजली. ज्याला मुदत ठरविण्याचा अधिकार मिळाला आहे, तो अधिकारी असो, शिक्षक असो, धर्मगुरू असो की घरातला वडीलधारा, त्याच्यावर हा प्रश्न विचारण्याचे कर्तव्यही त्याच अधिकाराबरोबर येते. उशीर मोजणे सोपे आहे. उशिराचे कारण मोजणे हे न्यायाचे काम आहे.

हे झाले दुसऱ्याच्या घड्याळाविषयी. स्वतःच्या घड्याळाविषयी काय? प्रत्येक माणसाच्या अंतरात देवाने सदसद्विवेकबुद्धीचे घड्याळ ठेवले आहे, असे आपण मानतो. संत थॉमस अक्विनास यांची याविषयीची शिकवण मोठी सूक्ष्म आहे. सदसद्विवेकबुद्धी चुकलेली असली तरी तिच्याविरुद्ध वागणे पापच. परंतु ती आपल्या निष्काळजीपणाने चुकली असेल, तर तिच्याप्रमाणे वागलो एवढ्याने माणूस निर्दोष ठरत नाही. ‘माझ्या मनाला पटले म्हणून केले’, हे उत्तर अपुरे आहे. तुझे मन तू शेवटचे केव्हा जुळवून घेतलेस, असा पुढचा प्रश्न उरतोच. जो वर्षानुवर्षे कुणाला विचारीत नाही, शास्त्र उघडीत नाही, सल्ला घेत नाही, ज्याला केवळ होकार देणारीच माणसे भोवती लागतात, त्याचे घड्याळ किती चुकले आहे हे त्याला सोडून साऱ्या गावाला ठाऊक असते.

आणि चूक कळल्यावर? येथेही त्या यंत्रांपासून शिकण्यासारखे आहे. चूक लहान असेल तर संगणक आपला काटा एकदम सरकवीत नाही. तो आपली चाल किंचित मंद किंवा जलद करतो. अशा रीतीने एका सेकंदाची चूक भरून काढायला त्याला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागतो. कारण काटा एकदम मागे घेतला तर घडून गेलेली गोष्ट नोंदीत अजून घडायचीच आहे असे दिसेल, पैसे भरण्याआधीच काढले गेले असे होईल. चूक मोठी असेल तर मात्र तो सरळ उडी घेतो. ग्रेगरींच्या सुधारणेत ४ ऑक्टोबरनंतर दुसऱ्या दिवशी १५ ऑक्टोबर उजाडला, तशी. आविलाच्या संत तेरेजा त्याच रात्री वारल्या आणि त्यांचा सण म्हणूनच १५ तारखेला येतो. आणि चूक फारच मोठी, हजार सेकंदांहूनही अधिक, आढळली, तर तो आपल्या हाताने काहीच करीत नाही. स्वतःवर विसंबणे थांबवितो, काम बंद करतो आणि माणसाने येऊन पाहावे म्हणून वाट बघतो.

आमच्या मते मनुष्याच्या सुधारणेचेही असेच तीन मार्ग आहेत. रोजच्या लहान दोषांना रोजची थोडी थोडी दुरुस्ती पुरते. तेथे आकांडतांडव केल्याने घरातलीच माणसे दुखावतात. काही चुका मात्र अशा असतात की त्यांत हळूहळू सुधारण्याची भाषा हीच पळवाट ठरते. लाच थोडी थोडी कमी घेईन, असे म्हणता येत नाही. तेथे उडीच घ्यावी लागते. आणि काही वेळा आपण इतके दूर गेलेलो असतो की, आपला आपल्यावर भरवसा उरत नाही. अशा वेळी थांबावे, गुडघे टेकावे आणि दुसऱ्यासमोर आपले घड्याळ उघडे करावे. ख्रिस्तसभेने पापनिवेदनाचा संस्कार त्यासाठीच ठेवला आहे.

भूकंपानंतर सास्तूर-किल्लारीची बरीच गावे मूळ जागा सोडून नव्या जागी वसली. तेथे दर ३० सप्टेंबरला गेलेल्यांची आठवण काढली जाते. जागतिक नोंदवहीत ती तारीख २९ आहे आणि तशीच राहील. वैज्ञानिकांना तिची गरज आहे. पण शोकसभेला उभ्या असलेल्या माणसाजवळ जाऊन ती तारीख दुरुस्त करावी, असे कोणाही शहाण्याला वाटणार नाही. दोन्ही नोंदी खऱ्या आहेत. कोणती केव्हा उच्चारावी, हे मात्र कोणतेही अणुघड्याळ सांगू शकत नाही. ते आपले आपल्यालाच, एकमेकांना विचारून, ठरवावे लागते.